आडवी विठाबाई

रेणुकादासांना वाकडं म्हणून काही खपत नसे. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर टेबल सुटलं, पट्टी सुटली, पण डोळा काही सुटला नाही. कुणाकडे सत्यनारायणाला गेले तरी तीर्थ घेण्याआधी ते भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करत. गोदावरीबाई म्हणत, "ह्यांना स्वर्गात नेलं तरी आधी दाराला ओळंबा लावून बघतील, मग आत जातील." नवऱ्याची थट्टा करायचा त्यांचा हक्क होता आणि तो त्या रोज बजावत.

नांदेडच्या त्यांच्या घरापुढच्या पायऱ्यांवर मागच्या दिवाळीत रेणुकादासांनी काळा दगड बसवून घेतला. गवंड्याच्या पाठीशी उभे राहिले आणि पाणलेव्हलचा बुडबुडा नेमका मधोमध येईपर्यंत त्याला सोडलं नाही. वर पॉलिश केलं ते असं, की समोरच्या लिंबाची पानं त्यात दिसावीत. त्याच पायऱ्यांवरून येळवशीच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे व्याही शेषेराव घसरले आणि कंबरेचं हाड चिरून घेतलं.

शेषेराव जळकोटकडचे शेतकरी. त्यांची लेक तनुजा ही रेणुकादासांची सून. तिकडे येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सगळं गाव रानात जाऊन जेवतं, आणि लेक सासरी असली की तिच्या वाटणीची भज्जीची भाजी आणि ताकातली अंबील दुसऱ्या दिवशी तिच्या दारी पोचती करतात. शेषेराव डबा आणि मडकं घेऊन पहिल्या एसटीनं कंधारवरून आले, दारातच सगळं लेकीच्या हाती दिलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि उलट पावली फिरले. लेकीला मूलबाळ होईपर्यंत तिच्या सासरी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, अशी त्यांच्याकडची रीत. "अहो व्याही, चहा तरी" म्हणत रेणुकादास बाहेर येईतो शेषेरावांचा पाय पायरीवर पडला होता, आणि तिथं काही तो ठरला नाही.

ऑपरेशनची गरज नाही, पण हाड जुळेपर्यंत उठायचं नाही, बसायचंही नाही, डाव्या कुशीवर पडून राहायचं, असं डॉक्टर म्हणाले. जळकोटपर्यंतच्या रस्त्याचे धक्के त्या हाडाला सोसणारे नव्हते. तेव्हा ज्या घरचं पाणी प्यायचं नाही, त्याच घरच्या पुढच्या खोलीत शेषेरावांची खाट पडली. जेवण तिथंच आणि सगळंच तिथं. माणूस शरमेनं अर्धा झाला.

आधीच लग्न पोरांनी आपसांत ठरवलेलं, त्यामुळे दोन्ही व्याही एकमेकांशी काचेच्या भांड्याला जपावं तसे जपून वागत. त्यात आता एक जण दुसऱ्याच्या दारात पडलेला. रेणुकादासांना वाटे, माझ्या पायरीनं ह्यांचं हाड मोडलं. शेषेरावांना वाटे, माझ्यापायी ह्यांच्या घराला बेजारी. मग काय, दिवसभर नुसता अगत्याचा सामना.

"व्याही, उशी देऊ का अजून?"

"न्हाई न्हाई, लई झालं."

"भाजीत तिखट कमी आहे का?"

"फक्कड हाय की. काय बी कमी न्हाई."

रेणुकादासांना साखरेचा विकार, म्हणून त्या घरात सगळ्यांचाच चहा बिनसाखरेचा होई. शेषेराव गावाकडे चहात साखर नव्हे, साखरेत चहा घालून पिणारे. पण इथं ते रोज तो कडू काढा शेवटच्या थेंबापर्यंत पीत आणि कप ठेवताना म्हणत, "झ्याक झालाय चहा, इवाई." त्यांच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. रेणुकादास खूश होत. इतक्या वर्षांनी आपल्या चहाचं कौतुक करणारा कुणी भेटला होता.

शेषेरावांचा जीव मात्र गावाकडे होता. विठाबाई, त्यांची बायको, तिथं एकटी होती. गाय दिवसात आलेली, आज व्यायची का उद्या, तिला सोडून येणं शक्य नव्हतं. आणि फोनवर बोलावं तर विठाबाईला ऐकू येत नसे. तापाचं निमित्त होऊन ऐन तिशीत तिचे कान गेले. तेव्हापासून ती बोलायची मोठ्यानं आणि ऐकायची डोळ्यांनी. नवऱ्याचे ओठ हलले की तिला शब्द कळत. इतरांचं तिला निम्मंशिम्मं कळे. शेषेरावांचं मात्र त्यांनी तोंडातल्या तोंडात दिलेल्या शिव्यांसकट.

शेजारच्या महादेवीकडे व्हिडिओचा फोन होता. ती दिवेलागणीला तो विठाबाईच्या चुलीजवळ कणगीला टेकवून ठेवी. इकडे आधी तनुजाचा मोबाइल धरून पाहिला. पण शेषेरावांना मोतीबिंदू, त्यात बायकोचं तोंड लिंबाएवढं दिसे, आणि पडल्या पडल्या हात धरून खांदा भरून येई. मग तनुजानं माळ्यावरून मुकुलचा कॉलेजातला लॅपटॉप काढला. त्याचा पडदा पार मागे फिरायचा. पुरी घडी घातली की पाटी व्हायची, अर्धी घातली की तंबूसारखा उभा राहायचा. तंबू करून तिनं तो खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला. चालू केला तर चित्र आडवं पडलेलं. स्टूल सरळ, लॅपटॉप सरळ आणि आतलं सगळं कुशीवर.

"आबा, हे फिरायचं बिघडलंय बहुतेक. सुट्टीला हे आले की बघतील," तनुजा म्हणाली. संध्याकाळी तिचे क्लास असत, तिला शिकवायला जायची घाई होती. मुकुल लातूरला नोकरीला, शुक्रवारी रात्री येई.

"असू दे गं. मला काय करायचंय," शेषेराव म्हणाले.

त्या संध्याकाळी पडद्यावरचं हिरवं बटण त्यांनी बोटानं दाबलं, आणि नवरा-बायको बराच वेळ बोलत बसले. म्हणजे एक बसली होती आणि एक पडला होता. गोदावरीबाई आतून ऐकत होत्या. विठाबाई ओरडून सगळं सांगत होती, गाय, हरभऱ्याचे घाटे, भावकीतल्या शरणप्पाची वाटणीवरून चाललेली कटकट, आणि मधूनच मोठ्यानं हसत होती. शेषेराव हळू आवाजात काहीतरी म्हणत आणि ती हसे. असं रोज चालू झालं. दिवसभर 'काही नको' म्हणणारा तो माणूस दिवेलागणी झाली की दाराच्या उजेडाकडे बघत राही.

हे सगळं ठीक चाललं असतं. पण एका संध्याकाळी रेणुकादासांनी खोलीत डोकावलं आणि त्यांना पडद्यावर आडवी विठाबाई दिसली.

चूल आडवी, कणगी आडवी, आणि विहीणबाई भिंतीतून आडव्या उगवल्यासारख्या. आपल्या घरात, आपल्या पाहुण्याला, असलं वाकडं चित्र बघावं लागतंय आणि तो बिचारा भिडेपायी बोलत नाही!

"व्याही, सांगायचं नाही का हो?"

"आवं, काय बी तकलीफ न्हाई मला. लई झ्याक दिसतंय."

"तुम्ही म्हणणारच," रेणुकादास म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच चष्मा पुसून कामाला बसले.

लॅपटॉप त्यांना फारसा येत नव्हता, पण माघार घेणं त्याहून येत नव्हतं. मुकुलला लातूरला फोन लावून त्यांनी त्याच्या जेवणाच्या सुट्टीत तासभर त्याचं डोकं खाल्लं. सेटिंगमध्ये जा, डिस्प्ले उघडा, तिथं रोटेशन लॉक असेल. होतं, पण राखाडी, दाबलं तरी ढिम्म. हातानं चित्र सरळ केलं तर टिके, चार्जर काढून लावला की पुन्हा आडवं. मुकुल म्हणाला, "बाबा, आत एक सेन्सर असतो. लॅपटॉप कसा धरलाय ते त्याला कळतं, त्यावरून तो चित्र फिरवतो. तो झोपलाय. त्याला उठवावं लागेल."

"मग उठवतो की," रेणुकादास म्हणाले.

सेन्सरचा ड्रायव्हर म्हणून जे काही होतं ते त्यांनी काढून टाकलं, नवं उतरवून घेतलं. बंद पडलेली सर्व्हिस चालू केली. लॅपटॉप बंद केला, चालू केला, हलवला, पुन्हा बंद केला. जेवायला हाका आल्या, त्या त्यांनी ऐकल्या नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पडदा एकदा काळा झाला आणि चित्र गपकन सरळ उभं राहिलं. लॅपटॉप आडवा धरला तर चित्र आपण होऊन फिरे, तंबू केला की पुन्हा सरळ. रेणुकादासांनी पडद्याच्या कडेवर खरोखर पाणलेव्हल ठेवून बघितली. बुडबुडा मधोमध.

"घ्या व्याही! आता बघा विहीणबाईंना कशा सरळ!"

शेषेरावांनी पडद्याकडे बघितलं. मग रेणुकादासांच्या घामेजलेल्या कपाळाकडे बघितलं. "लई कष्ट घेतलाव, इवाई," ते म्हणाले.

त्या संध्याकाळचा फोन बघायला रेणुकादास मुद्दाम दारात थांबले. विठाबाई पडद्यावर सरळ, चूल सरळ, कणगी सरळ. त्यांना धन्य वाटलं. पण विठाबाई थोड्याच वेळात म्हणू लागली, "काय म्हनून राहिलाव? कळंना. तोंड कसं धरलाव ते?" शेषेराव मान वर करून, उशीवर कोपर रोवून काहीतरी सांगू बघत होते, कळ आली की ओठ दाबत होते. "कळंना ओ," विठाबाई म्हणाली. मग महादेवीनं तिकडचा फोन फिरवून बघितला, तर तिच्या फोनातलं चित्रही फिरून पुन्हा तसंच. शेवटी विठाबाई गप्प बसून नुसती बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेषेरावांनी हात हलवला आणि फोन ठेवला.

"नेटवर्क," रेणुकादास म्हणाले.

"हाव. नेटवर्कच आसंल," शेषेराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला लॅपटॉप वाजू लागला तर शेषेरावांनी डोळे मिटले. म्हणाले, आज झोप आलीय. त्याच्या दुसऱ्या दिवशीही झोपच आली. चहा मात्र पूर्वीसारखाच फक्कड लागत होता आणि भाजीत काही कमी नव्हतं.

मग महादेवीचा तनुजाला फोन आला. विठाबाईनं जेवण टाकलंय. म्हणते, पोरं मला फसवून राहिलीत, ह्यांना तोंडाला काहीतरी झालंय, लकवा मारलाय, म्हणूनच ओठ कळत न्हाईत आन् म्हणूनच फोन उचलत न्हाईत. उद्याच्या उद्या गाय कुणाच्या तरी दावणीला बांधून निघते म्हणते. तनुजा बापाच्या खाटेशी बसली.

"आबा, मायशी बोलत का नाहीस? कुणी काही बोललं का तुला?"

"कोण काय बोलणार? देवमाणसं हायत ही. झोप येती गं मला."

"खरं सांग."

"खरंच सांगून राहिलो," शेषेराव म्हणाले आणि भिंतीकडे बघू लागले. डाव्या कुशीवरून त्यांना भिंतीकडे तोंड करता येत नव्हतं, म्हणून त्यांनी फक्त डोळे वळवले.

रेणुकादासांनी हे आतल्या खोलीतून ऐकलं आणि त्यांना भलतीच काळजी लागली. व्याही रुसले. काहीतरी राहून गेलं आपल्याकडून. मानपान? बोलणं? गोदावरीबाईंना त्यांनी दहादा विचारलं. गोदावरीबाई म्हणाल्या, "रुसलेला माणूस चहाला झ्याक म्हणत नाही. दुसरंच काहीतरी आहे." पण दुसरं काय, ते त्यांनाही सांगता येईना. रेणुकादासांना रात्री जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी मुकुल आणि तनुजा शेषेरावांना हाडाचा फोटो काढायला दवाखान्यात घेऊन गेले. खाट रिकामी झाली तशी गोदावरीबाईंनी चादर बदलायला घेतली. गादी उलटायला रेणुकादास मदतीला आले. गादी उलटून झाली, चादर ताणून झाली, आणि रेणुकादासांना वाटलं, बघावं तरी ह्या खाटेवरून माणसाला काय काय दिसतं. पंखा अंगावर येतो का, उजेड डोळ्यांत जातो का. काहीतरी खुपत असेल तर इथूनच कळेल. ते चप्पल काढून डाव्या कुशीवर आडवे झाले.

स्टुलावर लॅपटॉप चालू होता. पडद्यावर मुकुल-तनुजाच्या लग्नातला फोटो होता. आणि फोटोतली सगळी माणसं आडवी पडलेली होती. मुकुल आडवा, तनुजा आडवी, स्वतः रेणुकादास फेट्यासकट भिंतीतून आडवे उगवलेले.

ते ताडकन उठून बसले. फोटो सरळ. पुन्हा आडवे झाले. फोटो आडवा.

"अगं," ते ओरडले.

"काय झालं? कळ आली का?" गोदावरीबाई चादर टाकून धावल्या.

"तो बिघडलेला नव्हता गं. व्याह्यांच्या डोळ्याला तो सरळच होता. मी बिघडवला."

आता त्यांना सगळं दिसू लागलं. कुशीवर पडलेल्या माणसाला आडवं पडलेलं चित्रच सरळ दिसणार. आणि लॅपटॉप चित्र आडवं करताना त्याच्या कॅमेऱ्यातलंही आडवं करून पाठवत असणार, म्हणून तिकडे विठाबाईला नवऱ्याचं तोंड उभं दिसत होतं आणि ओठ कळत होते. चांगला चाललेला संसार होता. आपण घाम गाळून तो मोडला, वर पाणलेव्हल लावून दाखवली. आणि त्या माणसानं काय म्हटलं? लई कष्ट घेतलाव. रेणुकादासांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते काही वेळ तसेच खाटेच्या काठावर बसून राहिले. चप्पलसुद्धा घालेनात.

"मग करा की परत आडवं," गोदावरीबाई म्हणाल्या.

ते बोलायला सोपं. हातानं आडवं करावं, तर आता जागा झालेला सेन्सर एखाद्या शहाण्या पोरासारखा चित्र पुन्हा सरळ करी. लॉक लावावं, तर ते तसंच राखाडी. सरळ करायला जेवढा वेळ लागला नव्हता तेवढा वाकडं करायला लागतो की काय, असं त्यांना वाटू लागलं. मुकुलला दवाखान्यात फोन करायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर तोंडही नव्हतं. चडफडत त्यांनी पडदा पार मागे फिरवला, घडी घालून लॅपटॉपची पाटी केली, आणि बघतात तर लॉकचं बटण निळं. पाटी झाल्याशिवाय ते उघडतच नव्हतं!

त्यांनी पाटी आडवी धरली, चित्र फिरलं, लॉक दाबलं, तंबू करून स्टुलावर ठेवली, आणि आडवे होऊन बघितलं. सगळं वऱ्हाड डोक्यावर उभं. उलट्या बाजूनं धरली होती. उठले, लॉक काढलं, पाटी दुसऱ्या बाजूला फिरवली, लॉक लावलं, पुन्हा आडवे झाले. या वेळी मुकुल, तनुजा आणि फेटा बांधलेले रेणुकादास सगळे आपापल्या पायांवर उभे होते.

"आता तू आत जा आणि मला व्हिडिओ लाव," ते खाटेवरून म्हणाले.

गोदावरीबाई स्वयंपाकघरात गेल्या. लॅपटॉप वाजला, त्यांनी हिरवं बटण दाबलं. आतून हसू ऐकू आलं. "अहो, तुम्ही उठून कधी बसलात?"

"बसलो नाही, पडलोय. काय म्हणतोय ते कळतंय का? आवाज बंद कर आणि बघ." आणि ते आवाज न काढता, नुसते ओठ हलवून काहीतरी म्हणाले.

गोदावरीबाई दारात आल्या. त्यांचा चेहरा जरा लाल झाला होता. "कळलं," त्या म्हणाल्या. "म्हातारपणी काहीतरीच."

राहिला एकच प्रश्न, आणि तो मोठा होता. व्याह्यांना सांगायचं कसं? तुमची अडचण आम्हाला कळली म्हणावं, तर तो माणूस आणखी मेल्याहून मेल्यासारखा होईल. माझ्यापायी इवायाला केलेलं काम उलटं करावं लागलं, म्हणेल, आणि उद्यापासून पाणीसुद्धा मागणार नाही. रेणुकादास जेवताना विचार करत होते, जेवून झाल्यावरही करत होते.

दुपारी शेषेराव परत आले. हाड चांगलं जुळत होतं. त्यांना खाटेवर नीट निजवलं, पाठीला उशी लावली. दिवेलागणीला रेणुकादास खाटेपाशी येऊन उभे राहिले. मुकुल, तनुजा, गोदावरीबाई, सगळी तिथंच होती.

"व्याही, एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "त्या लॅपटॉपची माझी दुरुस्ती काही टिकली नाही. परत आडवा पडलाय. माझ्या हातचं काम नव्हतं ते, उगाच नाद केला. आता तसाच चालवून घ्या. मी काही पुन्हा त्याला हात लावणार नाही."

आयुष्यात पहिल्यांदा रेणुकादास एखादं काम जमलं नाही असं म्हणत होते, आणि तेही जमलेलं. मुकुल म्हणाला, "अहो बाबा, पण सकाळी तर मी बघितलं..." तेवढ्यात गोदावरीबाईंनी त्याच्या पायावर पाय दिला.

शेषेरावांनी पडद्याकडे बघितलं. चित्र त्यांच्या डोळ्याला सरळ उभं होतं. मग दुपारी निजताना नव्या चादरीवरच्या उशीत दिसलेली डोक्याची खोलगट खूण त्यांना आठवली, आणि ते रेणुकादासांकडे बराच वेळ बघत राहिले. शेतात हयातभर मातीत उमटलेल्या खुणा वाचलेला माणूस तो. त्याला उशीची खूण कळायला कितीसा वेळ?

"हाव," ते म्हणाले. "असू द्या, इवाई. चालवून घिऊ."

लॅपटॉप वाजला. विठाबाई पडद्यावर आली, डोळे बारीक करून तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"दिसले गं माय, ओठ दिसले! ओ, बोला, बोला काहीतरी!"

शेषेराव काय म्हणाले ते खोलीतल्या कुणाला ऐकू गेलं नाही. विठाबाई हसली, रडली, पदरानं नाक पुसलं आणि ओरडून सांगितलं, "गाय व्याली! कालवड हाय! कालपासनं पोटात ठिवलंय, तुमाला सांगितल्याबिगर कुनाला सांगनार?" तनुजा बापाच्या पायाशी बसून ऐकत होती आणि ओढणीनं डोळे पुसत होती.

रेणुकादास उभे होते, त्यामुळे त्यांना सगळं आडवंच दिसत होतं. आडवी चूल, आडवी कणगी, आडवी हसणारी विठाबाई. सवयीनं त्यांचा हात एकदा उचलला गेला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून पाठीमागे नेला आणि तसेच उभे राहिले. इतकं वाकडं आणि इतकं बरं त्यांनी आजवर काही पाहिलं नव्हतं.

गोदावरीबाई चहा घेऊन आल्या. शेषेरावांनी कप हातात घेतला, ओठाला लावला, आणि थांबले. कप त्यांनी खाली ठेवला.

"इवाई," ते हळूच म्हणाले, "एक मागू का?"

इतक्या दिवसांत त्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा निघाला होता. "मागा की, व्याही. काहीही मागा."

"चहात जराशी साखर मिळंल का?"

पडद्यातून विठाबाई कडाडली.

"आवं! लेकीच्या घरी साखर मागून राहिलाव? लाज वाटंना का जीवाला?" शेषेराव तिच्याशी बोललेच नव्हते, पण तिनं ओठ वाचले होते. "आन् मागितलीच हाय तर जराशी काय मागता? दोन चमचे मागा. जराशीनं तुमचं काय व्हतंय?"

रेणुकादासांनी कप उचलला आणि साखर घालायला ते स्वतः स्वयंपाकघरात गेले.